सिग्नलचा दिवा: बल्ब की एलईडी?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बजावलं आहे की आठवणी सगळेच सांगणार आहेत, तू तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी सांग, पण पंधरा-वीस मिनिटांत आटप आणि कुणाला झोप येऊ देऊ नकोस. माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. जेवणाच्या आधी सॉफ्टवेअरवर कुणी बोललं आणि लोक जागे राहिले, असं माझ्या तरी पाहण्यात नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यात आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जो वाद झाला, तोच विषय घेते.

ज्यांनी ग्रुप म्यूट करून ठेवलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या एका खोपोलीकर मित्राने कर्जत स्टेशनवरून पावसातल्या सिग्नलचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "पूर्वीचे दिवे कसे मऊ दिसायचे. हे डोळ्यात घुसतात. बल्ब काढून एलईडी लावले, मिळवलं काय?" झालं. दोन दिवस नुसता धुरळा. निम्मे म्हणाले, वीज वाचते. काही म्हणाले, जुनं ते सोनं. एकाने मध्येच फुलांचा सुप्रभात टाकला. आणि आपल्यातला जो लोको पायलट झालाय, त्याने एवढंच लिहिलं, "मला दोन्ही दिसतात. विझलेला सिग्नल दिसत नाही." त्याचं ते वाक्य त्या गर्दीत वाहून गेलं. मला मात्र तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, आणि आज मी बोलणार आहे ते त्याच वाक्यावर.

मी रेल्वेत नाही. इंजिनिअरिंग इलेक्ट्रॉनिक्सचं केलं आणि गेली वीसेक वर्षं कारखान्यांतल्या यंत्रांच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहिते. आमच्या कामात नवीन काही बसवायचं म्हटलं की 'हे किती छान चालतं' हा पहिला प्रश्न नसतो. 'हे बिघडलं तर काय करेल' हा असतो. हा प्रश्न मी कॉलेजात शिकले नाही. माझे मामा कर्जतला सिग्नल खात्यात मेंटेनर होते, त्यांच्याकडून शिकले. आमच्याकडे मामा जेवायला आले की वरण-भाताबरोबर रिले, केबल आणि फिलामेंट हे ठरलेलं.

आधी आपल्या जागेचं बघू, कारण सिग्नलचा विषय निघावा अशी आपल्यासारखी दुसरी जागा कमी. कर्जत म्हणजे घाटाचा पायथा. इथून लोणावळा २८ किलोमीटर, आणि तेवढ्यात गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास वर चढते. चढ कुठे कुठे ३७ फुटांना १ फूट. रस्त्यावर हा चढ आपल्याला जाणवणारही नाही, पण रुळावर लोखंडाचं चाक लोखंडावर फिरतं, तिथे हा भलताच चढ आहे. म्हणून तर वर जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात, गाडी थांबते, आणि आपण वडा खातो. कर्जतच्या वड्याचं मूळ बटाट्यात नाही, चढात आहे, हे आपण भूगोलाच्या तासाला कधी शिकलो नाही.

खोपोलीला रेल्वे १८५६ साली आली. तेव्हा घाटातला मार्ग व्हायचा होता. खालून आलेले लोक घाट डोलीतून, पालखीतून किंवा पायी चढायचे आणि खंडाळ्याहून पुढची गाडी धरायचे. बोरघाटातून सलग गाडी सुरू झाली १८६३ मध्ये. म्हणजे खालापूरवाल्यांनी ग्रुपवर 'आमची लोकल जुनी' असं म्हटलं की कर्जतवाल्यांनी गप्प बसावं, हे बरं.

उतरताना गोष्ट आणखी नाजूक. ब्रेक निकामी झालेल्या गाडीला थोपवायला ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल इथे कॅच सायडिंग आहेत. सुटलेली गाडी मुख्य रुळावरून बाजूला काढायची आणि चढावर घालून थांबवायची, असा तो प्रकार. त्यात जुलै-ऑगस्टमध्ये घाटात ढग उतरलेला, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, बोगद्यातून बाहेर पडलं की लगेच वळण. अशा ठिकाणी लोको पायलटला पुढचा सिग्नल काही सेकंदच दिसतो. त्या काही सेकंदांत जो दिवा दिसेल, त्यावर मागचे हजार-दीड हजार लोक बिनघोर झोपलेले असतात.

आता दिव्याकडे येते. पण विजेच्या बल्बच्या आधी रॉकेल होतं, आणि रॉकेलच्या काळातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रेल्वेचे रंग आजचे नव्हते. लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जपून जा, आणि पांढरा म्हणजे बेलाशक जा. पांढऱ्याला काच लागत नाही, नुसती ज्योत. स्वस्त आणि लांबून दिसणारा. अडचण कुठे आली? लाल काच फुटली की आतली ज्योत पांढरी दिसायची. म्हणजे 'थांबा' म्हणणारा सिग्नल बिघडला की 'ये रे बाबा' म्हणायचा. शिवाय गावातले घरातले दिवे वाढत चालले होते, तेही पांढरेच. शेवटी पांढरा रंग काढून टाकला आणि 'जा' साठी हिरवा आणला. पिवळा पुढे आला. बिघाड हा परवानगीसारखा दिसता कामा नये, एवढा एकच नियम त्यामागे आहे. मामा म्हणायचे, सिग्नल खात्याचं सगळं पुस्तक या एका ओळीवर उभं आहे, बाकीची पानं साहेबांनी भरली आहेत.

(एक गंमत. रॉकेलच्या सिग्नलमधली 'हिरवी' काच हातात घेऊन बघितली तर ती चक्क निळसर असायची. रॉकेलची ज्योत पिवळी, पिवळ्यात निळं मिसळलं की हिरवं. आपल्या चित्रकलेच्या सरांना हे सांगायचं राहून गेलं.)

आपल्या देशात आपोआप चालणारे रंगीत दिव्यांचे सिग्नल पहिल्यांदा लागले १९२८ साली, तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवर, बोरीबंदर ते भायखळा. त्याच्या तीन वर्षं आधी, १९२५ मध्ये, तिथे विजेची लोकल सुरू झाली होती. खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून चालू. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी आपल्याकडे खाली येऊन वीज करायचं आणि उजेड मुंबईत पडायचा. आपल्या आजीच्या पिढीने मात्र कंदिलाच्या काचा राखेने पुसल्या. असो, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

सिग्नलचा विजेचा बल्ब म्हणजे घरातला शंभरचा बल्ब नव्हे. बारा व्होल्टचा, चोवीस वॅटचा असा छोटासा. त्याच्यापुढे रंगीत काच आणि भिंग. सगळी करामत भिंगाची. फिलामेंट, म्हणजे आतली तार, भिंगाच्या बरोबर केंद्रावर हवी. ती जराशी सरकली की उजेडाचा झोत रूळ सोडून झाडीत जातो. म्हणून सिग्नल बसवला की एक माणूस खांबावर आणि एक लांब रुळाच्या कडेला उभा राहून 'वर, खाली, थोडा डावीकडे' असं चालायचं. मोबाइल नव्हते तेव्हा हातवारे. लग्नात फोटोग्राफर करतो तसंच, फक्त इथे नवरा-नवरी अर्धा किलोमीटर लांब.

बल्ब वीज खातो हे खरंच. तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते, आणि विजेच्या शंभर भागांतले पाचेक भाग उजेड होतात, बाकीची उष्णता. त्या पाच भागांतही सगळे रंग मिसळलेले. त्यापुढे लाल काच धरली की लाल तेवढा बाहेर येतो, बाकीचा काचेतच मरतो. हिशेबाच्या बाईंना हा व्यवहार अजिबात पटला नसता.

पण आता बिघडलेला बल्ब बघा. बल्बला दोनच अवस्था माहीत असतात. तार धड आहे तर उजेड, तुटली तर अंधार. आणि तार तुटली की वीज वाहायची थांबते. ही गोष्ट सिग्नलवाल्यांच्या पथ्यावर पडली. दिव्याच्या तारेतच त्यांनी एक रिले ठेवला. रिले म्हणजे विजेवर चालणारा खटका. दिव्यातून वीज वाहते आहे तोवर खटका वर, थांबली की खाली. म्हणजे स्टेशनात बसल्या बसल्या कळतं की दोन किलोमीटरवरचा दिवा खरंच लागला आहे की नाही. नुसतं कळतं असं नाही. लाल दिवा विझला, तर त्याच्या मागचा सिग्नल आपोआप लाल होतो आणि गाडी तिथेच अडते. आपल्या मित्राला विझलेला सिग्नल दिसत नाही ना, त्यावरचा हा इलाज. नियमही असा आहे की सिग्नलच्या जागी दिवाच नसेल किंवा नीट दिसत नसेल, तर तो सिग्नल सगळ्यात कडक इशारा देतो आहे असं समजून वागायचं. पण अंधाऱ्या धुक्यात 'इथे सिग्नल होता' हे आधी लक्षात यायला हवं, म्हणून मागचा सिग्नल राखणदार.

आणखी बघा. दोन पिवळे दिवे म्हणजे पुढचा सिग्नल जपून ओलांडायची तयारी ठेव. एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी ठेव. दोनातला एक विझला तर एक पिवळा उरतो, म्हणजे इशारा अधिक कडक झाला, सैल नाही झाला. ज्याने हे ठरवलं त्याला माझा नमस्कार. मार्ग फुटतो तिथे सिग्नलच्या डोक्यावर पाच पांढऱ्या दिव्यांची तिरकी ओळ असते. पाचपैकी निदान तीन लागले असतील तरच यंत्रणा ती ओळ लागली असं मानते, कारण दोन ठिपक्यांवरून धावत्या गाडीतून दिशा ओळखायची कशी? एक बल्ब गेला की प्रवाह तेवढ्याने घटतो, म्हणून किती दिवे चालू आहेत हे रिलेला कळतं. बल्ब इतका सरळ माणूस की त्याच्या विजेवरून त्याची तब्येत सांगता येते.

त्याचं आयुष्य मात्र कमी. मामांची एक युक्ती मला फार आवडायची, म्हणजे युक्ती खात्याचीच. बारा व्होल्टच्या बल्बला पूर्ण बारा द्यायचे नाहीत. व्होल्टेज दहा टक्के कमी केलं तर उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो, पण तार तिपटी-चौपटीने जास्त जगते. आपण पन्नाशीकडे चाललेल्यांनी यातून काय घ्यायचं ते घ्या. शिवाय बल्बमध्ये मुख्य तारेबरोबर एक जादाची तार असायची. मुख्य तुटली की दुसरी पेटायची. गाडीला फरक पडत नसे, मेंटेनरला मात्र तो निरोप असे, की चल, शिडी चढ.

ती शिडी कधीची? बल्ब बहुधा जातो तो गाडीच्या हादऱ्याने किंवा पेटताना. दिवसाचे ठरवून बदललेले बल्ब वेगळे आणि रात्री अडीचला गेलेला वेगळा. मामा रात्री निघायचे तेव्हा मामी दाराशी उभी राहायची, काही बोलायची नाही. खिशात बल्ब फडक्यात गुंडाळलेला, हातात बॅटरी, अंगावर मेणकापड, आणि एक खलाशी सोबत. रुळाच्या कडेने चालत जायचं, खांबावर चढायचं, ओल्या हातांनी दिव्याचं झाकण उघडायचं. शेजारून गाडी गेली की खांब थरथरतो. डोक्यावर विजेची तार आहेच. आपल्यापैकी किती जणांची घरं त्या शिडीवर चालली, हे इथे हात वर करायला लावत नाही, पण आहेत.

आता एलईडी. लाल एलईडी १९६२ साली निक होलोन्याक या अमेरिकन शास्त्रज्ञाने करून दाखवला. ठसठशीत हिरवा मिळायला आणखी तीस वर्षं लागली, कारण त्यासाठी जो पदार्थ लागतो तो वश करायला जपानात अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना अर्धं आयुष्य घालवावं लागलं. निळ्या एलईडीसाठी त्यांना २०१४ चं नोबेल मिळालं, आणि सिग्नलचा हिरवा त्या निळ्याचाच भाऊ. लाल आधी आला आणि हिरवा उशिरा, हे आपल्या लोकलच्या अनुभवाशी जुळतं.

एलईडीचं वैशिष्ट्य असं की तो जन्मतःच एका रंगाचा असतो. रंगीत काच लागत नाही, म्हणून उजेड वाया जात नाही. व्होल्टेज पडलं की पिवळ्यापुढचा बल्ब तांबूस दिसायला लागायचा, एलईडीचा रंग तसा बदलत नाही. बल्बच्या सिग्नलवर मावळतीचं ऊन समोरून पडलं तर रंगीत काच चमकून दिवा लागल्याचा भास व्हायचा, त्यासाठी वर ती टोपी असते. एलईडीच्या काचेला रंगच नाही, त्यामुळे तो भास कमी. हादऱ्याने तुटायला आत तार नाही. एका दिव्यात अनेक एलईडी, त्यामुळे दोन-चार गेले तरी अंधार होत नाही. हे सगळे गुण मोठे आहेत, आणि ग्रुपवर कुणीतरी टाकलेल्या त्या लांबलचक फॉरवर्डमध्ये ते सगळे होते.

फॉरवर्डमध्ये जे नव्हतं ते सांगते. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी बटण बंद केल्यावरही एलईडी बल्ब रात्रभर मंद मिणमिणतो? हं, बरेच हात आहेत. काहींनी तो शून्याचा दिवा म्हणून ठेवूनही दिला असेल. २०१५ नंतर सरकारी योजनेतले स्वस्त एलईडी बल्ब घरोघर आले आणि हा प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा झाला. जुना साठचा बल्ब असा कधी मिणमिणला नाही. का? कारण त्याला पेटायला भरपूर वीज लागते. बटणातल्या छोट्या निऑनमधून किंवा शेजारच्या तारेच्या प्रभावाने जी चोरटी वीज येते, ती एवढी थोडी की साठच्या बल्बची तार कोमटही होत नाही. एलईडीला मात्र तेवढा कण पुरतो.

घरात हे गमतीचं आहे. आता हाच दिवा सिग्नलवर कल्पा. लाल लागला आहे आणि खाली हिरवा मंद मिणमिणतो आहे. किंवा लाल विझला आहे आणि हिरवा मिणमिणतो आहे. बिघाड परवानगीसारखा दिसता कामा नये म्हणून पांढरा रंग घालवला होता ना? तो मागच्या दाराने परत आला.

आणि चोरटी वीज यायला आपल्याकडे कारणं हवी तेवढी. सिग्नलच्या केबल जमिनीतून किलोमीटर-किलोमीटर जातात, एका केबलमध्ये अनेक तारा शेजारी शेजारी. आपल्या पावसात इन्सुलेशनला कुठे ओल येईल सांगता येत नाही. वर डोक्यावरची तार. आपण शाळेत होतो तेव्हा त्या तारेत १५०० व्होल्ट डीसी होतं, नंतर टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट एसी झालं. डीसी शेजारच्या तारेला फारसा त्रास देत नाही, एसी देतो. आपल्या विज्ञानाच्या बाईंनी चुंबक आणि तारेचं वेटोळं घेऊन जो प्रयोग दाखवला होता तो हाच. बाई समोर बसल्या आहेत, म्हणून खात्रीने सांगते की तो मला आठवतो.

म्हणून सिग्नलच्या एलईडीला न लागायला शिकवावं लागलं. त्याच्या आत अशी योजना असते की ठरावीक व्होल्टेजच्या खाली तो मुळीच उजेड देत नाही, मंदसुद्धा नाही. आणि लागला की तो मुद्दाम ठरावीक प्रवाह ओढतो, उजेडाला लागतो त्याहून जास्त. कारण रिलेला कळायला हवं की दिवा लागला, आणि चोरट्या विजेत आणि खऱ्या विजेत स्वच्छ फरक राहायला हवा. आता यातली मौज बघा. ज्या वीजबचतीवरून ग्रुपवर मारामारी झाली, त्या बचतीतला एक हिस्सा आपण होऊन परत दिलेला आहे. बल्ब वीज खायचा तो अडाणीपणाने. एलईडीला थोडी वीज समजून-उमजून खाऊ घालावी लागते.

दुसरी अडचण म्हातारपणाची. बल्ब जातो तेव्हा जातो. एलईडी मंद मंद होत जातो, घरातल्या ट्यूबलाइटसारखा, आणि रोज बघणाऱ्याला कळत नाही. आतले काही एलईडी गेले, उरलेले फिके झाले, तरी तो वीज ओढत राहू शकतो. रिले वीज मोजतो, उजेड मोजत नाही. म्हणजे स्टेशनात 'दिवा उत्तम' आणि घाटातल्या ढगात लोको पायलटला दिवा दिसतच नाही, असं होऊ शकतं. म्हणून दुसरी गोष्ट शिकवावी लागली: एलईडीच्या ओळींपैकी ठरावीकपेक्षा जास्त ओळी गेल्या, तर उरलेल्यांनी मिणमिणत बसायचं नाही. सगळ्यांनी विझायचं, प्रवाह थांबवायचा आणि रिलेला कळू द्यायचं. फिके पडण्यावर मात्र यंत्रणेकडे पुरतं उत्तर नाही. तिथे कॅलेंडर बघून दिवा बदलणं आणि माणसाने जाऊन डोळ्यांनी बघणं, हेच. लाख तास चालतो असं खोक्यावर लिहिलेलं असतं, ते खोक्यातल्या थंडाव्यात. एप्रिलमध्ये कर्जतच्या उन्हात लोखंडी पेटीत बसवून बघा.

तिसरी अडचण विजांची. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात घाटमाथ्यावर जो कडकडाट होतो तो तुम्हाला माहीत आहे. बल्बला एखादा झटका बसला तरी तो मुकाट सोसतो. एलईडीच्या मागे इलेक्ट्रॉनिक्स असतं, आणि ते नाजूक. एक बल्ब गेला तर एक जातो. एकाच झटक्यात चार दिव्यांचं इलेक्ट्रॉनिक्स गेलं तर चारही जातात. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये या गोष्टीची आम्हाला सगळ्यात जास्त धास्ती असते: सगळे सुटे सुटे मरतील असा हिशेब केलेला असतो आणि ते एकत्र मरतात. त्यावर विजेपासून संरक्षणाची साधनं लावतात, पण ती तपासावी लागतात, त्यांनाही माणूस लागतो.

चौथी, आपल्याला न भेटणारी, पण ऐकून ठेवा. अमेरिकेच्या उत्तरेत रस्त्यांवरच्या सिग्नलना एलईडी लावले आणि हिवाळ्यात बर्फ दिव्यांवर साचून राहू लागला. बल्बच्या उष्णतेने तो आधी वितळायचा. ज्या उष्णतेला आपण शंभरातले पंचाण्णव भाग वाया गेले म्हणतो, ती तिथे गुपचूप काम करत होती आणि कुणाच्या हिशेबात नव्हती. आपल्याकडे बर्फ नाही, पण काचेवर आतून धरणारा दमटपणा बल्ब वाळवायचा, एवढं मात्र मामांनी सांगितलेलं आठवतं.

मग बरा कोण? माझं मत विचाराल तर एलईडीच, आणि त्यात मला शंका नाही. पण विजेसाठी नाही. घाटात गाडी विझलेल्या सिग्नलपाशी उभी राहिली की काय होतं याचा विचार करा. ३७ ला १ च्या चढावर, मागून बँकर लागलेली जड गाडी थांबलेली, पुन्हा उचलायची. मागच्या गाड्या अडलेल्या. अशा वेळी माणसं घाई करतात, आणि यंत्र सुरक्षित असलं तरी घाईतला माणूस सुरक्षित नसतो. दिवा अचानक विझण्याचे प्रसंग जितके कमी, तितके हे प्रसंग कमी. आणि दुसरं कारण ती शिडी. वर्षातून जितक्या रात्री कुणाला तरी पावसात खांबावर चढावं लागत नाही, तितक्या रात्री एखादी मामी दाराशी उभी राहत नाही. वीजबिलाच्या तक्त्यात हा आकडा कुठे लिहितात मला माहीत नाही, पण माझ्या तक्त्यात तो सगळ्यात वर आहे.

खोपोलीकर मित्राला मात्र सांगते, दिवे डोळ्यात घुसतात ही तुझी तक्रार खरी आहे. दिवसा उन्हात दिसायला जो उजेड हवा, तोच रात्री काळोखात जास्त वाटतो. पण ते प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या तुझ्यासाठी लावलेले नाहीत. बोगद्यातून बाहेर पडणाऱ्यासाठी लावलेत, आणि तो म्हणतो त्याला दिसतात.

मामा निवृत्त झाले तोवर त्यांच्या हद्दीतले बरेच दिवे बदलले होते. मी एकदा विचारलं, "मामा, आता बरं झालं ना, चढायला नको?" ते म्हणाले, "बरं झालं. पण बल्ब बदलायला वर गेलो की काच पुसली जायची, झाकणाचं रबर बघितलं जायचं, मधमाश्यांनी घर केलंय का ते कळायचं. आता दिवा जात नाही म्हणून वर कुणी जात नाही, असं व्हायला नको." नवीन वस्तू येते तेव्हा जुनीबरोबर नकळत होणारी कामं कोण करणार, हे कुणीतरी कागदावर लिहून ठेवावं लागतं. माझ्या नोकरीत नवीन सिस्टम बसवताना मी पहिली यादी हीच करते, आणि दर वेळी एखादं काम सुटतंच असं गृहीत धरून पहिले तीन महिने जुन्या माणसाला शेजारी बसवते.

वेळ संपली अशी खूण संयोजक करत आहेत. लाल दाखवलाय, म्हणजे थांबते. फक्त एक राहिलं. मघाशी ज्यांनी हात वर केले, ज्यांच्या घरी बटण बंद असून दिवा मिणमिणतो, त्यांनी ते गमतीत सोडून देऊ नका. बटणात निऑन असेल तर काळजी नाही. पण निऑन नसेल, तर बहुतेक वेळा बटण फेजच्या तारेऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असतं. म्हणजे बटण बंद केलं तरी होल्डरमध्ये वीज जिवंत असते आणि बल्ब बदलताना झटका बसू शकतो. चांगल्या वायरमनला बोलावून दहा मिनिटांत बदलून घ्या. आणि तोवर बल्ब बदलायचा झाला तर आधी मेन बंद करा.